फरशी नानांनीच पसंत केली

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
१९ नोव्हेंबर २०२४

ती. इंदुताईंना पद्माचा नमस्कार.

इकडे आम्ही ठीक. तुम्ही सगळे बडोद्याला खुशाल असाल आणि मंजिरीच्या लग्नाच्या खरेदीने तुमचे पाय दुखत असतील, असं धरून चालते.

पत्र बघून दचकू नका. हल्ली पोस्टातून पत्र आलं की माणसं आधी शेवटची ओळ वाचतात. तसं काही नाही. नाना आत झोपले आहेत, खिडकीतलं ऊन पायांवर घेऊन. लिहायला बसले कारण गेल्या दोन्ही वेळी फोनवर आपलं बोलणं निम्म्यात तुटलं. एकदा तुम्ही ठेवलात, एकदा तुमच्या बंधुराजांनी माझ्या हातातून घेतला. कागद असा कुणाला ओढून घेता येत नाही, आणि मी लिहीत असताना मध्ये कुणी बोलतही नाही.

थंडी यंदा वेळेवर आली. सकाळी धुकं असतं आणि गजकवाल्यांकडे रांग. मंजिरीला ती तीळ-गुळाची गजक लागते ना, ती घेऊन ठेवली आहे, वेगळ्या डब्यातून पाठवते. तिच्या केळवणाचं जेवणही ठरलं. पुरणपोळी नको, 'मामी, वो चिरोटे बनाना, बस' असा तिचा फोनवरून हुकूम आहे, तेव्हा चिरोटे. तिच्या सासरची माणसं इंदूरची, म्हणजे शेवेला नावं ठेवणार हे मी गृहीत धरलंय. वरच्या खोल्यांना रंग लावून झाला. स्वयंपाकघराचा ओटा नवा झाला. बाकी सगळं घर लग्नघरासारखं दिसायला लागलंय, एक हॉल सोडून.

आता हॉलचं सांगते. तुम्ही पसंत केलेल्या टाइल्स मी परत पाठवल्या. त्या पांढऱ्या चकचकीत, आणि त्यांच्याभोवतीची काळी पट्टीसुद्धा. उघडलेले खोके दुकानदाराने घेतले नाहीत, ते गच्चीवर पडलेत. बाकीचे गेले. त्यांच्या जागी मातकट रंगाच्या, खरखरीत, अजिबात न चमकणाऱ्या टाइल्स आल्या आणि कालपासून मिस्त्री त्या लावतोय. हॉल आता हॉटेलसारखा दिसणार नाही. सरकारी दवाखान्यासारखा दिसेल, असं मिस्त्री स्वतःच म्हणाला, आणि त्याला पैसे मीच देणार आहे.

तुम्ही त्या किती प्रेमाने दिल्या होत्या ते मला कळत नाही असं समजू नका. लेकीचं केळवण तिच्या आजोळी होणार, व्याही यायचे, ते ज्या जमिनीवर उभे राहतील ती जमीन तुमच्याकडून असावी, ही तुमची हौस होती. नवरात्रात त्या शोरूममध्ये मोबाइल धरून मीच उभी होते. हात भरून आला तरी खाली केला नाही. तुम्ही तिकडून 'अजून पुढे जा, ती दाखव, ती नको' करत होतात आणि ती पांढरी टाइल दिसल्यावर तुमचा आवाजच बदलला. नानांनी लहानपणी तुम्हाला एका मोठ्या बांधकामावर नेलं होतं, तिथे अशीच पांढरी फरशी आणि काळी किनार होती, आणि नानांनी तुम्हाला तिच्यावरून घसरत जायची परवानगी दिली होती. हे सांगताना तुम्ही तिकडे हसत होतात. त्या दिवशी मला टाइल्समध्ये काही वावगं दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी तुमचं ते हसणं ऐकून मी बोलले नसते.

मग दिवाळीनंतर मी तुम्हाला फोन करून सांगितलं की ही फरशी नानांना चालणार नाही. तुम्ही म्हणालात, "पद्मा, तुला ती पट्टी आवडली नव्हती तर सरळ सांगायचं. नानांना कशाला मध्ये घालतेस?" आणि मग म्हणालात, "माझ्याशी नाना इतकं छान बोलतात. तुलाच ते जड झालेत."

ताई, मला राग आला. अजून आहे. तो या पत्रात उतरणारच, तेव्हा वाचताना जरा गाळून घ्या.

प्रश्न टाइल्स दिसतात कशा याचा नाही. नाना आपल्या पायांनी आपल्या खोलीतून जेवायच्या टेबलापर्यंत येणार, की पलंगावरच पडून राहणार, एवढाच प्रश्न आहे. आणि ते तुम्हाला माझ्या तोंडून खरं वाटेल की नाही, हा दुसरा. पहिला आम्ही टाइल्स बदलून सोडवला. दुसऱ्यासाठी हे पत्र आहे.

दिवाळी झाली आणि खोके आले. मिस्त्रीने काम सुरू करण्याआधी ती काळी पट्टी हॉलभर नुसती मांडून ठेवली, सिमेंट न लावता, कोपरे कुठे जुळतात ते बघायला. नानांच्या खोलीच्या दारासमोरून ती जात होती. त्या दिवसापासून नाना खोलीबाहेर येईनात.

तुमच्या भावाचं, अभिरामचं म्हणणं, रुसलेत. मलाही पटलं. हा हॉल नानांनी स्वतः उभं राहून मोझेकचा करून घेतलेला. बांधकाम खात्यात जन्म गेला, ओव्हरसियर म्हणून दुसऱ्यांच्या फरश्या काठीने ठोकून पास-नापास करण्यात. स्वतःच्या घरची फरशी घासणाऱ्यांना त्यांनी किती छळलं होतं त्याच्या गोष्टी तुम्हीच मला सांगितल्यात. आता तीच फरशी आपण झाकायला निघालो, तर म्हातारा माणूस रुसणार नाही तर काय करणार. "मूड खराब आहे त्यांचा, और कुछ नहीं. दोन दिवसांत ठीक होतील," असं म्हणून हे ऑफिसला गेले. मी ताट आत नेऊन द्यायला लागले.

त्याच दिवसांत तुमचा रविवारचा फोन आला. नाना तुमच्याशी नेहमीसारखे बोलले. मंजिरीच्या सासऱ्यांचं मूळ गाव विचारलं, बडोद्याची थंडी विचारली, आणि तुम्ही विचारल्यावर "फरशी झकास आहे" म्हणाले. मी दारात उभी राहून ऐकत होते. त्या फरशीवर त्यांनी पाऊलही ठेवलं नव्हतं. पण आवाज इतका खणखणीत की मीच मनात म्हटलं, रुसवाच असेल, जाईल.

मग एका दुपारी मी स्वयंपाकघरातून बघितलं. नाना खोलीच्या दारात उभे होते. एक हात चौकटीवर, दुसरा काठीवर. त्यांनी काठीचं टोक पुढे केलं, पट्टीवर टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. पुन्हा तसंच केलं. पाय उचलला, अधांतरी धरला आणि होता तिथेच ठेवला. त्यांचा चेहरा रुसलेल्या माणसाचा नव्हता, ताई. विहिरीच्या काठाशी आलेल्या माणसाचा होता. मी त्यांच्या नजरेने खाली बघितलं आणि मलाही दिसलं. फिकट जमिनीत एक काळीभोर खाच होती, आणि तिचा तळ कुठे आहे ते वरून कळत नव्हतं.

मला डॉक्टरी काही येत नाही. हाताशी दिवाणावरची सतरंजी होती, ती ओढली आणि पट्टीवर टाकली. नाना लगेच निघाले. काठी आपटत, घसा खाकरत, थेट सोफ्यापर्यंत आले, बसले आणि मला धन्यवाद म्हणाले. त्यांना परत जायचं होतं तेव्हा मी मुद्दाम सतरंजी उचलली, तर तिथेच अडले. पुन्हा टाकली, गेले. संध्याकाळपर्यंत मी तेच करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी तेच झालं. रुसलेलं माणूस सतरंजी टाकल्यावर उठून चालायला लागत नाही.

हे ऑफिसमधून आल्यावर ह्यांना दाखवलं. ह्यांनी वर्तमानपत्रही खाली ठेवलं नाही. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला कमी दिसणारच, चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणाले. म्हणून मी तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही काय म्हणालात ते वर लिहिलंच आहे. त्यावर ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तुम्हाला सांगितलं की काही नाही, पद्मा उगाच घाबरते, नाना एकदम फर्स्ट क्लास आहेत. बहीण-भावाचं त्या दिवशी फार छान जमलं. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक इतकी मळली की पोळ्या वातड झाल्या, आणि त्या मी दोघांना तशाच वाढल्या.

पण मीही हट्टाला पेटले. म्हटलं, ज्यांच्या पायाखाली ही फरशी येणार आहे त्यांनाच विचारू. शनिवारी ह्यांना सुट्टी होती. मी ह्यांना म्हटलं, तुमचं खरं ठरलं तर मी पट्टीबद्दल पुन्हा अवाक्षर काढणार नाही, फक्त एकदा नानांना शोरूममध्ये घेऊन चला. ह्यांनी आत जाऊन "नाना, साइटवर जायचंय" एवढं सांगितलं. नाना कोट, मफलर, काठी घेऊन आमच्या आधी गाडीपाशी. पट्टीवर अर्थात सतरंजी होतीच.

शोरूम झाशी रोडवरचं. दुकानदाराने खुर्ची पुढे केली, नानांनी ती हाताने बाजूला सारली. एक टाइल उचलायला लावली, बोटाच्या पेराने ठोकली, कान जवळ नेला आणि म्हणाले, "ये कच्ची पकी है. दूसरी दिखाओ." दुकानदार खरोखरच दुसरी आणायला वळला. तुमचे बंधुराज माझ्याकडे असे बघत होते की आता बोल. आणि खरं सांगू, मलाही आनंद झाला. मी खोटी ठरत होते आणि मला ते हवं होतं.

दुकानदाराने बोलता बोलता विचारलं, "बाबूजी, माल कहाँ पहुँचाना है?" नाना पटकन म्हणाले, "दाना ओली," आणि त्या जुन्या बिऱ्हाडाची खूणही सांगितली, जिना कुठल्या बाजूला, खाली कुणाचं दुकान. ते बिऱ्हाड तुमच्या लग्नाच्याही आधी सुटलं. हे हसून म्हणाले, "नाना, हरिशंकरपुरम." नाना म्हणाले, "हो, तेच." दुकानदाराने हरिशंकरपुरम लिहिलं. ह्यांचं हसू थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं.

मी दुकानदाराला म्हटलं, "भैया, दो-तीन तरह की नीचे बिछा दीजिए. बाबूजी चलकर देखेंगे." तो म्हणाला, गिऱ्हाइकं हात लावून बघतात, फोटो काढून घरी पाठवतात, चालून कुणी बघत नाही. पण त्याने मोकळ्या जागेत टाइल्स अंथरून दिल्या.

पहिली आपलीच, पांढरी. छतातल्या दिव्यांचे लखलखीत गोळे तिच्यात उतरले होते. नाना तिच्या कडेला थांबले. काठी ह्यांच्या हातात दिली. खांबाला धरून एकेक बूट काढला, मोजे बुटांत खोचले. वाकून पँट घोट्यांच्या वर दुमडली. मग बूट हातात धरून पाऊल टाकलं, सावकाश, तळ चाचपत. "पानी भरा है यहाँ," दुकानदाराला म्हणाले, "पहले निकलवाओ, फिर काम होगा." भर दुकानात, ताई. शेजारी एक जोडपं न्हाणीघराच्या टाइल्स बघत होतं, ते वळून बघायला लागलं. हसलं मात्र कुणी नाही. हे खाली बसले आणि नानांची पँट सरळ करायला लागले. त्यांना ती साधी दुमड उलगडता येईना. मला वाटलं होतं की मी खरी ठरले तर मला बरं वाटेल. तसं काहीही वाटलं नाही.

इथे मला उठावं लागलं. नाना जागे झाले होते, त्यांना चहा दिला, मिस्त्रीला दिला. परत बसेपर्यंत ऊन गच्चीवर गेलं. खरं म्हणजे उठायला मला निमित्तच हवं होतं, कारण आत्तापर्यंत तुम्हाला सगळं सांगितलंय, एक गोष्ट सोडून, आणि आता ती टाळून पुढे जाता येत नाही.

दुसरी टाइल ही मातकट, खरखरीत. ह्यांनी नानांना बूट घालून दिले आणि नाना तिच्यावर चढले ते जुन्या दिवसांसारखे. चालले, वळले, टाच घासून पाहिली, काठी ठोकून पाहिली. चेहरा मोकळा झाला. मग इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याकडे आले. परक्या बायकांशी बोलताना ते उभे राहतात ना, थोडं अंतर ठेवून, नजर जराशी खाली, तसे उभे राहिले आणि म्हणाले,

"बहनजी, आप भी टाइल लेने आई हैं? घर में कोई बुज़ुर्ग हैं आपके?"

मी म्हटलं, "जी. ससुरजी हैं."

"तो यही लीजिए. चमक पर मत जाइए. इस पर गिरेंगे नहीं." मग म्हणाले, "वो चमकवाली की ज़िद करेंगे. आप सुनिएगा मत."

"नहीं सुनूँगी," मी म्हटलं.

हे मागेच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. टाइल्स आम्ही त्याच घेतल्या. तेव्हा ही फरशी माझ्या आवडीची आहे असं तुम्ही म्हणू नका. ती नानांनी पसंत केली आहे, एका अनोळखी बाईच्या घरातल्या म्हाताऱ्यासाठी.

आणि हे त्या दिवशी पहिल्यांदा झालं नव्हतं. कोजागिरीपासून नाना माझ्याशी हिंदीत बोलतात.

मी सागरहून लग्न होऊन आले तेव्हा माझी मराठी कशी होती ते तुम्हाला आठवत असेल. 'मी बाजार गेली होती' म्हटलं की तुम्ही पदर तोंडाला लावून हसायचात. नानांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही, नियमच करून टाकला, चपला आणि हिंदी दाराबाहेर काढून यायचं. माझ्या तोंडून 'लेकिन' गेलं की वर्तमानपत्रामागून 'पण' ऐकू यायचं. चिडायचे मी. पण आज हे पत्र ज्या मराठीत लिहितेय ती नानांनीच माझ्याकडून गिरवून घेतली आहे. आपल्या इथल्या घरांतून बाहेरच्यांशी हिंदी आणि घरच्यांशी मराठी हे कुणाला ठरवावं लागत नाही, समोर कोण आहे ते जिभेला आपोआप कळतं. नानांच्या जिभेला अजून कळतं. ह्यांच्याशी मराठी, तुमच्याशी फोनवर मराठी, देवापुढे बसले की मराठी. मी चहाचा कप हातात दिला की "धन्यवाद बहनजी, आपने कष्ट किया."

सुरुवातीला मी दुरुस्त करत होते. "नाना, मी पद्मा. तुमची सून." तर ते उठून उभे राहायचे. हात जोडायचे. क्षमा मागायचे, ओळखलं नाही म्हणून, आणि तीही हिंदीत. जेवढी मी समजूत घालावी तेवढे ते जास्त ओशाळायचे. मग मी सांगणं सोडून दिलं. हे घरात असले की मी नानांशी बोलणंच टाळायचे, म्हणजे कुणाच्या कानावर ते जायला नको. तुम्हाला पट्टीचं सांगायला फोन केला तेव्हा हेही सांगितलं असतं तर तुम्ही कदाचित मानलं असतं. पण मला लाज वाटली. सासऱ्याला सून आठवेना यात सुनेने लाजण्यासारखं काय आहे, ते विचाराल तर मला उत्तर देता येणार नाही. वाटली, एवढं खरं. वाटलं, इतकी वर्षं या घरात काढून मी असं काय केलं की सगळ्यांत आधी मीच पुसली जावी.

त्या फोनवर तुम्ही आणखी एक बोलला होतात, ते मी वर मुद्दाम लिहिलं नाही. "घरात ती कोण बाई ठेवली आहेस? नाना बोलता बोलता सारखे तिला बहनजी, बहनजी करतात. माझ्या वडिलांना पाणीसुद्धा आता पगारी बाईच्या हातून का?"

ताई, घरात बाई नाही. भांडीवाली सकाळी येते आणि जाते. ती बहनजी मी आहे.

काल हे स्वतः सुट्टी टाकून नानांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. आजाराला नाव आहे. ते मी लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही मोबाइलवर बघत बसाल आणि तिथे नको ते वाचाल. बरं होण्यातला नाही, सांभाळण्यातला आहे. चकाकी आणि काळे पट्टे पायाखाली नकोत हे डॉक्टरांनीही सांगितलं, आणि हे घरी येऊन मला म्हणाले, "तू आधीच केलंस." एवढंच म्हणाले. तुम्हाला फोन करतो म्हणून मोबाइल हातात घेतात आणि खिशात ठेवतात. तुमच्या भावाला रडू आलेलं कुणाला दिसलेलं आवडत नाही, तुम्हाला तर नाहीच. म्हणून मीच लिहितेय.

आता माझं ऐका. केळवणाची वाट बघू नका, त्याच्या आधी या. एकट्या या, मंजिरी मागून येईल. व्याह्यांना काय सांगायचं ते आपण दोघी बसून ठरवू. मला विचाराल तर खरं सांगावं, की ही फरशी मुलीच्या आजोबांना चालता यावं म्हणून अशी आहे. ज्यांना त्यात कमीपणा वाटेल त्यांच्या घरी पोरगी देताना आपणच पुन्हा विचार केलेला बरा.

आल्यावर नाना माझ्याशी हिंदीत बोलले तर त्यांना टोकू नका. "अहो नाना, ही पद्मा" असं म्हणू नका, माझ्यावरच्या प्रेमापोटीसुद्धा म्हणू नका. ते हात जोडून उभे राहतात ते मला बघवत नाही.

आणि दारात आलात की आधी हाक मारा. फोनवर तुमचा नुसता आवाज आला की ते 'इंदू' म्हणतात, लगेच, नाव सांगावं लागत नाही. चेहरा बघून म्हणतील का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. म्हणून आधी बाहेरूनच नाना म्हणून हाक मारा, त्यांना ओ देऊ द्या आणि मग आत या.

तुम्ही बोललात ते मी विसरले असं लिहिणार नाही, विसरायला वेळ लागेल. पण ते मनात धरून तुम्हाला बोलवायचं थांबवलं तर मी नानांची गुन्हेगार होईन आणि तुमचीही. त्यांनी मला विसरलेलं मी रोज बघते, ताई. ते कसं लागतं ते मला कळलंय. तुमच्या वाट्याला ते येण्याआधी या.

त्यांना आठवो न आठवो, नानांची सून,
पद्मा